कारखान्याभोवतीचे गाव



गेल्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले की, आमच्या उसाच्या पैशातून कामगार वसाहतीत रस्ते, गटारे आणि झाडे कशासाठी? कारखान्याने साखर करावी, गावे वसवण्याचा उद्योग त्याला कोणी सांगितला? प्रश्न रोखठोक होता. वेळेअभावी उत्तर तोकडे मिळाले, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

उसाचा कारखाना ऊस पिकतो तेथेच घालावा लागतो. तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला की वजन घटते, उतारा घटतो. लोखंडाचेही तसेच. कच्चा दगड फार लांब वाहून नेणे परवडत नाही आणि पाणी तर भरपूर लागते. म्हणून टाटांच्या माणसांनी सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे निवडले. कंपनी १९०७ साली स्थापन झाली. भोवती रान आणि आदिवासींच्या वाड्या. हजारो माणसे कामाला आणायची, तर ती राहणार कोठे? गाव वसवणे हा तेथे हौसेचा भाग नव्हता. त्यावाचून भट्टी पेटलीच नसती.

जमशेटजी टाटा १९०४ सालीच वारले. पण त्याआधी दोन वर्षे त्यांनी मुलाला, दोराबजींना, पत्राने कळवून ठेवले होते की रस्ते रुंद हवेत, सावलीची झाडे हवीत, खेळाला मैदाने हवीत आणि सर्व धर्मांच्या देवस्थानांना जागा राखलेली हवी. कारखान्याची जागाही तेव्हा ठरली नव्हती! पुढे १९१९ साली गावाला त्यांचेच नाव देण्यात आले.

पहिला आराखडा अमेरिकेतील पिट्सबर्गच्या इंजिनिअरांनी केला. पण माणसे आराखड्याची वाट बघत नाहीत. १९११ साली पाच-सहा हजार असलेली वस्ती १९२१ साली सत्तावन्न हजारांवर गेली. तेव्हा टेंपल नावाच्या इंजिनिअरकडे काम आले. हा गृहस्थ मूळचा सार्वजनिक आरोग्य खात्यातला. त्याने जमिनीचा उतार पाहून रस्ते आणि गटारे आखण्यावर भर दिला. आपल्याकडे आधी खोल्या बांधतात, मग सांडपाणी कोठे सोडायचे याचा विचार करतात आणि पावसाळ्यात चूक ध्यानात येते. हे काम उलट्या क्रमाने केले तर किती खर्च वाचतो ते आपल्या सिव्हिल खात्याला विचारावे. कारखान्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा कंपनीने गावाला मोठी बाग दिली. १९५८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आठ तासांची पाळी तर तेथे १९१२ सालीच आली होती.

एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले, आणखी काय पाहिजे? पण दुसरी बाजूही आहे. घर हुद्द्याप्रमाणे मिळे. साहेबांना बंगला, मजुराला खोली. नोकरी संपली की क्वार्टर सोडायचे. आणि ज्यांना खोलीच मिळाली नाही, ते कंत्राटी मजूर, हमाल, भाजीवाले आपापली झोपडी घालून राहिले. त्यातून बस्त्या उभ्या राहिल्या. नकाशात नाही म्हणून पाणी नाही, दिवा नाही, असा त्यांचा जन्म. २००५ साली सरकारशी जमिनीचा भाडेपट्टा नव्याने झाला, तेव्हा अशा कितीतरी बस्त्या त्यातून वगळल्या गेल्या. शिवाय, गावाला नाव पडून शंभर वर्षे झाली तरी तेथे लोकांनी निवडून दिलेली नगरपालिका नव्हती. नळाला पाणी येत होते, पण मत द्यायला जागा नव्हती.

आपल्या जवळचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणरावांना कुंडलजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० साली मोजक्या कुटुंबांनिशी गाव सुरू झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे रखवालदार नेमले, ही गोष्ट जुनी माणसे अजून सांगतात. ज्याला कोणी दारात उभे करत नव्हते, त्याच्याच हाती राखण दिली. गाव लहान होते म्हणून जमले असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे कारण वाटत नाही.

आता आपल्या कारखान्याकडे येऊ. सिव्हिल खात्याच्या भिंतीवर वसाहतीचा नकाशा टांगलेला आहे. त्यात चाळी, शाळा, दवाखाना, मंदिर, पाण्याची टाकी, सगळे काही आहे. गाडीतळामागे दर हंगामात तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात, ती जागा मात्र कोरी आहे. पाच-सहा महिने तेथे बायामाणसे, लेकरे आणि बैल राहतात. बाया पहाटे अंधारात हापशावर रांग लावतात. सभासदाला सभेत मत आहे. वसाहतीतल्या कामगाराला मत नसले तरी युनियन आहे. कोपीवाल्याचा मुकादम तेवढा बोलतो, तोही उचलीबद्दल.

वसाहतीवरचा खर्च का, याचे माझे उत्तर असे की तो थोडा वाढवावा लागेल. येत्या मासिक सभेपुढे विषय दिला आहे : गाडीतळामागे मुरूम टाकून जागा उंच करणे, चर खणणे, चार नळ, आणि बायांसाठी आडोशाचे संडास. पाणी वसाहतीच्या टाकीतूनच उताराने जाते, वेगळी मोटर लागत नाही. दसरा झाला की टोळ्या येऊ लागतील.