कलिंगड लाल कधी झालं?

गेली काही वर्षं समाजमाध्यमांवर एक जुनं चित्र फिरतं आहे. रोमचा चित्रकार जिओव्हानी स्तांकी याने ते 1645 ते 1672 या काळात काढलं. पीच, पेअर यांच्या जोडीला खाली उजवीकडे एक फोडलेलं कलिंगड आहे. गर फिकट गुलाबी, त्यात जाड पांढरे वळसे, मधे पोकळ जागा आणि काळ्या बिया. सोबत ठरलेली ओळ असते : साडेतीनशे वर्षांपूर्वी कलिंगड असं होतं, आजचं लालबुंद फळ माणसाने घडवलं.

माणसाने घडवलं हे खरं, पण साडेतीनशे वर्षांत नव्हे. ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे.

आधी त्या चित्रातल्या फळाकडे नीट पाहू. घरातलं कलिंगड देठ बाजूला ठेवून मधोमध आडवं कापा. बिया गरात वाटेल तशा विखुरलेल्या नसतात, त्या वळणदार ओळींत बसलेल्या दिसतात. कलिंगडाचं फळ तीन कप्प्यांचं असतं. प्रत्येक कप्प्यात बिया ज्या ऊतीला चिकटून वाढतात, ती दोन बाजूंना वळते, म्हणून एकूण सहा वळसे पडतात. आपण गर म्हणून खातो, तो मुख्यतः या ऊतीचाच फुगलेला भाग. स्तांकीने हे सहा वळसे इतके चोख रंगवले आहेत, की त्याने फळ समोर ठेवूनच चित्र काढलं असणार.

पण त्याने काढलं ते एक फळ. कलिंगडाची मादी फुलं एकच सकाळ उमलतात आणि तेवढ्या वेळात मधमाश्यांनी पुरेसे पराग आणले नाहीत, तर फळ आतून पोकळ राहण्याची शक्यता वाढते. फळ अर्धकच्चं असेल तर गर फिका राहतो. असं फळ आजही शेतात निघतं. त्या काळी फिक्या गराची जातही असेल, पण सगळीच कलिंगडं तशी होती असं या एका चित्रावरून म्हणता येत नाही.

तसं न म्हणण्याला भक्कम पुरावा आहे, आणि तोही चित्रांचाच. अकराव्या शतकात बगदादचा वैद्य इब्न बुतलान याने आहार-विहारावर एक अरबी ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात उत्तर इटलीतल्या श्रीमंत घराण्यांनी त्याच्या लॅटिन अवताराच्या, ‘टाकुइनम सॅनिटाटिस’च्या, सचित्र प्रती करवून घेतल्या. त्या चित्रांत लाल गराचं कलिंगड आहे. म्हणजे स्तांकीच्या जन्माआधी दोनशेहून अधिक वर्षं इटलीत लाल कलिंगड माहीत होतं.

आणखी मागे इजिप्तमध्ये जाऊ. सक्काराच्या एका थडग्यात सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचं चित्र आहे. लांबट, पट्ट्यापट्ट्यांचं एक मोठं फळ इतर फळांसोबत ताटात मांडलेलं. शिजवायची भाजी असती तर ती फळांच्या ताटात आली नसती, ते कच्चं खायचं गोड फळ असणार, असं अभ्यासक मानतात. मात्र फळ अखंड आहे. आतला रंग कोणता, हे चित्र सांगत नाही.

ते सांगितलं एका पानाने. इजिप्तमधल्या एका ममीच्या शवपेटीत सापडलेलं, सुमारे 3,500 वर्षांपूर्वीचं कलिंगडाचं पान लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात जपलेलं होतं. 2019 मध्ये त्यातल्या डीएनएचं वाचन जाहीर झालं. त्यात दोन बदल दिसले. पहिला कडूपणाचा. काकडी किंवा दुधी कधीतरी कडू निघतो तो कुकुर्बिटासिन या रसायनामुळे. रानटी कलिंगडात ते भरपूर असतं. ते तयार करवणारी यंत्रणा या वेलात बंद पडली होती. दुसरा बदल रंगाचा. लायकोपिन या लाल रंगद्रव्याचं पुढे बीटा-कॅरोटिन करणाऱ्या जनुकात फेरफार झाला होता. पुढची वाट अडली की लायकोपिन साठतं आणि गर लाल होतो. आजच्या कलिंगडांत हेच दोन बदल आहेत. म्हणजे फॅरोंच्या काळात नाईलकाठी गोड, लाल कलिंगड पिकत होतं.

त्याआधी काय होतं? लिबियात सापडलेल्या सुमारे 6,000 वर्षांपूर्वीच्या बियांचा डीएनए 2022 मध्ये वाचला गेला. त्या कडू गराच्या भाईबंदाच्या निघाल्या. लोक बहुधा गर टाकून बिया खात. आपण ठंडाईत मगज वाटतो, त्यातलाच हा प्रकार. आणि आजच्या कलिंगडाचा सर्वांत जवळचा नातेवाईक सुदानच्या कोर्दोफान भागात सापडतो. त्याचा गर पांढरा असतो, पण कडू नसतो, हे 2021 च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं. कडूपणा गेला, लाली आली, गोडी वाढली. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी चांगल्या फळाचं बी पुढच्या पेरणीसाठी राखलं, म्हणून हे घडलं. त्या शेतकऱ्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

या निवडीची किंमतही मोजावी लागली. गोडी आणि रंग वेचताना रोगांशी लढण्याची ताकद मागे पडली. मर रोगाला तोंड देणारी जनुकं शोधायला आजचे पैदासकार आफ्रिकेतल्या रानटी भाईबंदांकडे जातात. चवीला टाकाऊ ठरलेला वेल अशा वेळी पिकाचा आधार होतो.

कलिंगडाची ही सगळी गोष्ट कळायला चित्र, बी आणि वाळवलेलं पान हे तिन्ही पुरावे एकत्र वाचायला हवेत. चित्र फळाचं रूप दाखवतं, बी आणि पान त्याची वंशावळ सांगतात. एकट्या चित्रावर विसंबलं की स्तांकीच्या कलिंगडासारखी अर्धवट गोष्ट जगभर पसरते. आपल्याकडचे असे पुरावेही वेळेत जपायला हवेत, कारण नदीच्या वाळूत घरचं बी राखून लावलेल्या वेलांची जागा बाजारातल्या संकरित वाणांनी घेतली आहे. त्यातलं जे काही उरलं असेल, त्याच्या फळाचा आडवा छेद घेऊन फोटो काढावा, गावाचं नाव आणि तारीख लिहावी आणि थोडं बी कृषी विद्यापीठाकडे पोहोचवावं. कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात सहज जमेल असं हे काम आहे. पुढच्या पैदासकारांना त्याची गरज पडणार, हे आज नक्की सांगता येतं.