अपरान्ताचा डोंगर

'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात दिग्विजयाला निघालेला रघू दक्षिणेकडून सह्याद्री ओलांडून अपरान्तात उतरतो. तिथे कालिदासाला सह्याद्री दिसतो तो पृथ्वीच्या कटिभागासारखा, समुद्राचं वस्त्र ढळलेला. लगेच पुढच्या श्लोकात परशुरामाच्या अस्त्राने मागे हटलेला तोच समुद्र पुन्हा डोंगराला येऊन भिडल्यासारखा वाटतो. कारण मधली सगळी पट्टी रघूच्या सैन्याने भरून गेलेली असते.

अपरान्त म्हणजे उत्तर कोकण, आणि त्याचं जुनं प्रमुख नगर शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच सापडला. तेव्हा कालिदासाचे हे दोन श्लोक वसई-विरारकरांनी हक्काने आपले म्हणावेत. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून स्वच्छ हवेत पश्चिमेकडे पाहिलं, की तीच पट्टी दिसते: अहमदाबाद महामार्ग, रेल्वे, इमारतींची दाटी, मिठागरं, केळी-पानवेलींच्या वाड्या आणि शेवटी समुद्र. सैन्याची जागा आता वस्तीने घेतली आहे. डोंगरावर परशुरामकुंड आहे, म्हणजे जी कथा कवीने वापरली तीच लोकांनी इथल्या पाण्याशी जोडून ठेवली. हे माहीत असलं की लोकलच्या खिडकीतून रोज दिसणारी ती निळी रांग वेगळी वाटू लागते.

तुंगारेश्वर 2003 मध्ये अभयारण्य झालं. सुमारे 85 चौरस किलोमीटरचं हे रान संजय गांधी उद्यान आणि तानसा यांना जोडणारा दुवा आहे. पण आपल्यापैकी बहुतेक जण तिथे जातात ते श्रावणात महादेवाला किंवा पावसाळी रविवारी ओढ्यात भिजायला. भक्ती आणि मौज दोन्ही असाव्यात, पण एवढ्यावर डोंगर कळत नाही.

तो कसा पाहावा, हे मराठीत दुर्गा भागवतांइतकं कुणी शिकवलं नाही. 1956 च्या 'ऋतुचक्रा'त त्या मराठी महिन्यांच्या वाटेने निसर्ग पाहतात. हीच रीत तुंगारेश्वरला लावून बघा. भाद्रपदात कातळाच्या ओल्या कडांवर तेरड्याचा गुलाबी थर असतो. माघात सावर पानं टाकून उभी असते आणि तिच्या लाल, मांसल फुलांवर मैना-बुलबुल तुटून पडतात. फाल्गुनात पळस पेटतो. कोशिंबाची नवी पालवी तर इतकी लाल असते, की लांबून झाड फुललंय असंच वाटतं. जवळ जाऊन फांदी खाली ओढली की कळतं, ही पानं आहेत. वैशाखात करवंदं. जिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती होतात ती कारवी मात्र कित्येक वर्षं नुसती वाढते आणि मग एकदाच फुलते. तिच्यासाठी एका पावसाळ्याची ओळख पुरत नाही.

गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' मुंबई सोडून राजमाचीवर राहायला जातो आणि तिथल्या झाडा-प्राण्यांत रमतो. तिकडे स्कॉटलंडच्या नॅन शेफर्डने केर्नगॉर्म पर्वतावर जे पुस्तक लिहिलं, ते कितीतरी वर्षं पडून राहिलं आणि 1977 मध्ये छापलं गेलं. शिखर गाठण्याची तिला घाई नव्हती. पर्वताच्या आत शिरायचं होतं. आपल्याकडे शिखरांची यादी पुरी करण्याची जी धावपळ चालते, तिच्यावर ही दोन्ही पुस्तकं उत्तम उतारा आहेत, असं मला मनापासून वाटतं. उंची फारशी नसलेला, पण घरातून दिसणारा डोंगर वर्षभर पाहणं हे दहा किल्ले एका हिवाळ्यात उरकण्यापेक्षा मोठं काम आहे.

पाऊस ओसरला आहे, वाटा मोकळ्या झाल्या आहेत. 'ऋतुचक्रा'तला कार्तिक आधी घरी वाचा आणि मग सातिवलीच्या फाट्यावरून आत वळा. अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याचे नियम पाळा, गाणी लावू नका, आणि नेलेलं प्लास्टिक परत आणा. मार्गशीर्षात पुन्हा जा.