चार हेडांचे चाक

संपादकांनी दूरचित्रवाणीच्या आरंभकाळावर लिहावयास सांगितले, तेव्हा मनात होत्या त्या नटनट्यांच्या कथा. परंतु जुनी दप्तरे चाळता चाळता दृष्टी जडली ती एका लहानशा चाकावर.

आरंभी कार्यक्रम घडे तोच प्रक्षेपित होई, आणि जतन करावयाचा झालाच, तर पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून त्याची नक्कल काढीत. बीबीसीने १९५३ साली 'द क्वाटरमास एक्स्परिमेंट' मालिकेच्या सहांपैकी दोनच भाग असे उतरवून घेतले. त्यांतील दुसऱ्या भागात पडद्यावर येऊन बसलेला एक कीटकही कायमचा दप्तरी दाखल झाला, आणि उरलेले चार भाग हवेत विरले.

एप्रिल १९५६मध्ये शिकागो येथे चार्ल्स गिन्सबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले अँपेक्स कंपनीचे, चित्र चुंबकी फितीवर नोंदणारे यंत्र प्रकट झाले. चित्रसंकेत ध्वनीच्या रीतीने नोंदावयाचे, तर फीत भरधाव पळवावी लागे; बीबीसीच्या 'व्हेरा' यंत्रात ती सेकंदाला २०० इंच धावे. अँपेक्सने २ इंच रुंदीची फीत १५ इंचांच्या संथ गतीने सोडली आणि चित्र लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चार हेडांचे चाक तिच्यावरून आडवे, मिनिटाला १४,४०० फेरे, फिरविले. मागावर कापड सावकाश सरकावे आणि धोटा मात्र आडवा भिरभिरावा, तसे. चाक हट्टीही असे: आरंभीच्या यंत्रांत ज्या हेडांनी फीत लिहिली, त्यांनीच ती वाचावी, इतरांना ती दाद देत नसे. तरीही ३० नोव्हेंबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या सीबीएस बातम्या हॉलिवूडमध्ये फितीवर घेऊन तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यास दाखविल्या गेल्या.

पण फीत महाग आणि पुसून पुन्हा वापरता येणारी; हा गुणच घातक ठरला. जमाखर्च पाहणाऱ्यांना कालचा कार्यक्रम म्हणजे अडकलेली रक्कम वाटे. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या मूळ फिती बीबीसीने पुसल्या, आणि १९६०च्या दशकातील ९०हून अधिक भाग पुढे अनेक वर्षे बेपत्ता राहिले. जे वाचले, ते बहुतांशी परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या नकलांमुळे, म्हणजे चाकाने निकालात काढलेल्या त्याच जुन्या युक्तीमुळे. उरलेल्या फितींना आता दुसरी चिंता आहे: हेडे झिजतात, चालू यंत्रे विरळ होत आहेत, ती जुळविणारे हात थकत आहेत.

२०१३मध्ये नायजेरियातील जोस येथे सापडलेले 'डॉक्टर हू'चे नऊ हरवलेले भाग जाहीर झाले. तेथील प्रक्षेपण केंद्राच्या अडगळीतले फिल्मचे डबे कोणी फेकून दिले नव्हते, एवढ्यावरच ते वाचले.