लुगड्याची घडी आणि जिवाणू

इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलो, तरी सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलेली पेशी, हे कॉलेजात कळले. लांबी चक्क तीन सेंटिमीटर! हा अर्थात अपवाद. केंद्रक असलेल्या दृश्यकेंद्रकी पेशी बहुधा १० ते १०० मायक्रॉनच्या असतात. आदिकेंद्रकी जिवाणू १ ते ५ मायक्रॉनचे. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

आजी जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून घागरीच्या तोंडावर बांधे. अशा घडीची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची. पटकीचा जिवाणू त्यातून सहज निसटतो. तरीही रीटा कॉलवेल यांच्या गटाने २००३ साली दाखवले, की बांगलादेशातील खेड्यांत साडीने पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. कारण पुष्कळसे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटलेले असतात. ते बहुपेशीय प्राणी घडीत अडकतात, आणि त्यांच्यासोबत हे स्वारही. सुटे जिवाणू मात्र घागरीत उतरतातच.

२०१२ साली गावात काविळीची साथ आली. तिचा विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा, त्याला तर पेशीही नसते. आम्ही पाणी गाळत राहिलो, पण गाळून झाले की उकळायलाही ठेवू लागलो.