काकाकुवा हवाय? आधी उतारा वाच!

"अम्मी, मला काकाकुवा हवाय!" पंचवटीतल्या आमच्या घरी चौथीतल्या लेकाने हट्ट धरला. मी नाही म्हटलं नाही. पक्ष्यांच्या पुस्तकातला एक उतारा त्याच्यापुढे ठेवला आणि पाच प्रश्न दिले. "उत्तरं उताऱ्यातूनच शोध. मग ठरवू."

त्याने वहीत लिहिलं:

1. मूळचा कुठला? ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपिन्स.
2. तुरा कशाला? घाबरला, चिडला, खूश झाला की उभारतो.
3. आयुष्य? नीट निगा राखली तर मोठे काकाकुवे 50-60 वर्षं जगतात.
4. काय देऊ नये? चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो.
5. एकटा ठेवला तर? तो थव्यात राहणारा. कंटाळला की किंचाळतो, स्वतःचीच पिसं उपटतो.

तिसऱ्या उत्तराशी तो थबकला. "म्हणजे मी म्हातारा होईपर्यंत? आणि मी शाळेत गेलो की त्याच्याशी बोलणार कोण?" हा प्रश्न मी दिलेला नव्हता. वाचलेलं समजलं, ते इथे कळलं.

रात्री त्याच्या अब्बूंनी हदीस सांगितली. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याचा लाडका छोटा पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला प्रेमाने पक्ष्याबद्दल विचारून त्याचं मन हलकं केलं. या एवढ्याशा हदीसमधून इब्नुल कास या शाफई विद्वानांनी साठहून अधिक मुद्दे काढून दाखवले. वाचन असं असतं! पक्षी पाळायला मनाई नाही, हेही विद्वानांनी यातूनच सांगितलं. पण मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आहे. मुका जीव म्हणजे अमानत.

पाळायचंच असेल तर कायदाही वाचा. काकाकुव्याची नोंद सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, म्हणून विकत घेताना कागदपत्रं मागा. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं तर गुन्हाच आहे.

दुसऱ्या दिवशी वहीत सहावी ओळ दिसली: "सध्या नको. त्याला वेळ द्यायला माझ्याकडे वेळ नाही."

आता गॅलरीत पाण्याचं मातीचं भांडं आहे. ते रोज घासून भरायचं काम त्याचं. पाहुणे येतात, पाणी पितात, उडून जातात. इन्शाअल्लाह, थंडीत त्याला नांदूर मधमेश्वरला नेणार आहोत. वही तो बरोबर घेणार आहे.