घरातला वायफाय राउटर: कोणता घ्यावा आणि आपली माहिती सुरक्षित कशी ठेवावी

पीएम किसानचे ई-केवायसी, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, बँक खात्यात रक्कम जमा झाली का हे पाहणे, ही कामे आता बरेच लाभार्थी घरूनच मोबाइलवर करतात. ज्या घरात ब्रॉडबँड आहे, तिथे ही सगळी माहिती भिंतीवरच्या एका लहान डब्यातून बाहेर जाते. हा डबा म्हणजे राउटर. तो घरात येतो, चालू होतो आणि मग वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या भारतनेट कार्यक्रमाच्या सुधारित आराखड्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात गावपातळीवरील उद्योजकांमार्फत घरोघरी फायबर जोडणी देण्यावर भर आहे. त्यामुळे पहिल्यांदाच राउटर येणारी घरे वाढत आहेत. हा लेख अशा घरांसाठी आहे.

राउटर काय करतो?

बाहेरून येणारी इंटरनेटची एक तार राउटरला जोडलेली असते. राउटर ती जोडणी घरातल्या सगळ्या मोबाइल, टीव्ही आणि संगणकांना वाटून देतो. फायबर जोडणीत तारेतल्या प्रकाशाचे रूपांतर करणारे ओएनटी नावाचे यंत्रही लागते. बहुतेक घरांत ओएनटी आणि वायफाय राउटर एकाच डब्यात असतात.

घराच्या दाराला कुलूप असते, तसे राउटरला दोन पासवर्ड असतात. पहिला वायफायचा, जो मोबाइल जोडताना टाकावा लागतो. दुसरा राउटरच्या सेटिंग्जचा, ज्याला अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणतात. पहिला पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. दुसरा असतो हेच अनेकांना ठाऊक नसते, आणि खरा धोका तिथेच आहे. अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचा राउटर.

कोणाला काय दिसू शकते?

भीती आणि वस्तुस्थिती वेगळी करून पाहू.

• तुमचा ओटीपी: एसएमएसने येणारा ओटीपी मोबाइल नेटवर्कवरून येतो, राउटरमधून नाही. केवळ तुमचे वायफाय वापरल्याने शेजाऱ्याला तो दिसत नाही.

• बँकेच्या किंवा योजनेच्या संकेतस्थळावर भरलेली माहिती: पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल, तर मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि वाटेत कोणाला वाचता येत नाही. मात्र याचा अर्थ ते संकेतस्थळ खरे आहे असा होत नाही. बनावट संकेतस्थळावरही एचटीटीपीएस असू शकते. पत्त्यातले अक्षर न अक्षर तपासा. केंद्र व राज्य सरकारची बहुतेक संकेतस्थळे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतात.

• तुम्ही कोणती संकेतस्थळे उघडता: राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला आणि जोडणी देणाऱ्या कंपनीला बहुतेक वेळा संकेतस्थळांची नावे कळू शकतात, आतला मजकूर नाही. घरमालकाचे किंवा शेजाऱ्याचे वायफाय वापरत असाल तर हे लक्षात ठेवा. आजार, कौटुंबिक वाद किंवा कायदेशीर मदत यांविषयी काही शोधायचे असेल तर आपला मोबाइल डेटा वापरणे बरे.

• राउटरच ताब्यात गेला तर: हा सर्वांत गंभीर प्रकार. अशा वेळी योग्य पत्ता टाकूनही तुम्हाला बनावट पानावर नेले जाऊ शकते. तिथे भरलेला आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी थेट फसवणूक करणाऱ्याकडे जातो. ओळखीचे संकेतस्थळ उघडताना मोबाइलने अचानक सुरक्षिततेचा इशारा दिला तर पुढे जाऊ नका.

मूळ पासवर्ड का बदलावा?

कारखान्यातून निघणाऱ्या अनेक राउटरचे युजरनेम आणि पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’, ‘अ‍ॅडमिन’ असे सारखेच असत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमका याचा फायदा घेतला. अशा सुमारे ६० ठरावीक जोड्या वापरून त्याने जगभरातले कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या उपकरणांकरवी अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. ज्यांच्या घरातली उपकरणे यात वापरली गेली, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसणार.

भारतातही जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम अशाच एका घातक प्रोग्रॅममुळे बंद पडले. मूळ पासवर्ड तसाच ठेवलेल्या मोडेमना फटका बसला. कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितले. पाच मिनिटांचे काम आधी केले असते, तर ती वेळ आली नसती.

वायफायला पासवर्ड नसेल तर काय बिघडते?

“आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” असे अनेकजण म्हणतात. पण प्रश्न फक्त लपवण्याचा नाही. जोडणी तुमच्या नावावर असते. तिच्यावरून कोणी काही गैर केले, तर तपास आधी तुमच्या दारात येतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईतल्या सानपाडा येथील एका घराच्या जोडणीवरून गेल्याचे दिसले. त्या घरातले वायफाय उघडे होते आणि बाहेरच्या माणसांनी ते वापरले होते. घरात राहणाऱ्याला मात्र चौकशीला सामोरे जावे लागले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सेवेच्या सुरक्षिततेबाबत कंपन्यांना सूचना दिल्या.

म्हणून शेजाऱ्याला मदत जरूर करा, पण पासवर्ड गल्लीभर होऊ देऊ नका. त्यासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय खाली सांगितली आहे.

राउटर निवडताना काय पाहावे?

दुकानात अँटेना किती आहेत हे दाखवले जाते. अँटेनांच्या संख्येपेक्षा पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

१. कंपनीचा की स्वतःचा? फायबर जोडणीत कंपनीने दिलेला ओएनटीच सहसा चालतो. बाजारातून आणलेला प्रत्येक ओएनटी त्या तारेवर चालेलच असे नाही. पहिल्या जोडणीसाठी कंपनीचा डबा घेणे सोयीचे. पण तीन प्रश्न आधी विचारा: अनामत रक्कम किती आणि ती परत मिळते का? बिघाड झाल्यास बदलून कोण देणार? अ‍ॅडमिन पासवर्ड मला बदलता येईल का? उत्तर पावतीवर लिहून घ्या. पासवर्ड बदलता येत नसेल, तर कंपनीच्या डब्याला आपला राउटर जोडून घरातली सगळी उपकरणे त्यावर चालवता येतात.

२. सुरक्षा कोणती? राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए३’ किंवा निदान ‘डब्ल्यूपीए२’ हवे. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत फार पूर्वीच मोडीत निघाली आहे. फक्त तेवढीच सोय असलेला राउटर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

३. अपडेट मिळतात का? राउटरमध्येही सॉफ्टवेअर असते आणि त्यात दोष सापडत राहतात. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केला होता, त्यांत बहुतांश राउटर होते. ‘ऑटो अपडेट’ची सोय असलेले मॉडेल निवडा. कंपनीने अपडेट देणे बंद केलेले जुने मॉडेल स्वस्त असले तरी टाळा.

४. घर केवढे आहे? २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून लांबपर्यंत जातो, पण वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण पल्ला कमी. दोन्ही असलेला ‘ड्युअल बँड’ राउटर घ्या. दोन-तीन खोल्यांच्या घराला एक पुरतो. जाड दगडी भिंतींच्या घरात तो मधल्या खोलीत उंचावर ठेवा. रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलेला राउटर घराइतकाच रस्त्यालाही सिग्नल देतो.

५. वीज जाते का? भारनियमनाच्या भागात राउटरसाठीचा लहान यूपीएस उपयोगी पडतो. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच तो घ्या. बदली अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसची खूण आणि नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करा.

६. जुना राउटर घ्यावा का? अपडेट मिळत असतील तरच. घरी आणल्यावर आधी ‘रीसेट’ करा: मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतले बटण सुमारे दहा सेकंद दाबून ठेवा. आपला जुना राउटर देताना किंवा भंगारात टाकतानाही हेच करा, म्हणजे तुमचे पासवर्ड पुढच्या माणसाकडे जाणार नाहीत.

राउटर बसवल्यावर करायची कामे

जोडणी करायला आलेल्या माणसाला जाण्यापूर्वी राउटरचे सेटिंग्ज पान उघडून दाखवायला सांगा. त्याचा पत्ता राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. काही कंपन्यांच्या मोबाइल अ‍ॅपमधूनही ही कामे होतात. मग तो गेल्यावर:

१. अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.
२. वायफायचा पासवर्ड निदान १२ अक्षरांचा ठेवा. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख किंवा गावाचे नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि एखादा आकडा लक्षातही राहतो.
३. वायफायच्या नावात आडनाव किंवा घर क्रमांक ठेवू नका.
४. ‘डब्ल्यूपीएस’ आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ या सोयी बंद करा.
५. ‘ऑटो अपडेट’ चालू करा.
६. ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून त्याला वेगळा पासवर्ड द्या. पाहुणे, शेजारी आणि घरातला कॅमेरा यांना त्यावरच जोडा.
७. दोन्ही पासवर्ड वहीत लिहून कागदपत्रांसोबत ठेवा. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

दर दोन-तीन महिन्यांनी जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. अनोळखी नाव दिसले तर वायफायचा पासवर्ड बदला.

जोडणी घेताना दिलेली कागदपत्रे

जोडणीसाठी ओळखीचा पुरावा द्यावा लागतो. आधार द्यायचे असेल तर ‘मास्क्ड आधार’ चालेल का ते विचारा. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. झेरॉक्स दिली तर तिच्यावर तारीख आणि ‘फक्त ब्रॉडबँड जोडणीसाठी’ असे लिहून सही करा. कागदपत्रांचे फोटो जोडणाऱ्या माणसाच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. कोणताही ओटीपी सांगण्यापूर्वी तो एसएमएस पूर्ण वाचा आणि ओटीपी कशासाठी आला आहे हे पाहा.

घरी जोडणी परवडत नसेल तर?

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान, चहाची टपरी यांसारख्या ठिकाणी सार्वजनिक वायफाय मिळू शकते. दुकानदाराला त्यासाठी परवाना घ्यावा लागत नाही. ग्राहकाने पीएम-वाणीच्या अ‍ॅपवर नोंदणी करून लहान रकमेचा पॅक घ्यायचा असतो. अशा ठिकाणी अभ्यास, बातम्या आणि माहिती शोधणे ठीक. बँकेचे व्यवहार मात्र आपल्या मोबाइल डेटावर करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

“कंपनीतून बोलतोय, राउटर अपडेट करायचा आहे, हे अ‍ॅप टाका,” असा फोन आला तर?
फोन ठेवा. पावतीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा. अनोळखी लिंक किंवा एपीके फाइल उघडू नका आणि मोबाइलची स्क्रीन कोणालाही शेअर करू नका.

पासवर्ड बदलल्यावर इंटरनेट बंद पडेल का?
नाही. प्रत्येक मोबाइलवर नवा पासवर्ड एकदा टाकावा लागतो, इतकेच.

राउटर रीसेट केल्यास काय होते?
सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात. फायबर जोडणीत कंपनीला पुन्हा सेटिंग करावे लागू शकते, म्हणून चालू राउटर रीसेट करण्याआधी ग्राहक सेवेला विचारा.

मदत कुठे मिळेल?

• पैशांची फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.
• आधारविषयी शंका असल्यास १९४७. तुमचे बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय यूआयडीएआयने दिली आहे.
• तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे संचार साथी पोर्टलवर पाहता येते.
• मोबाइल किंवा संगणकात घातक प्रोग्रॅम शिरल्याची शंका असल्यास सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने वापरा.

यातले काहीच आज जमणार नसेल, तर निदान एक काम करा: राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. त्याला पैसे लागत नाहीत.