कोरल कोण खातंय? आरोप करण्याआधी शहानिशा करा

आखाती देशांत कामधंद्यासाठी गेलेल्या आपल्या काही कोकणी कुटुंबांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी असते. त्यात मासे, खेकडे, कोळंबी आणि जिवंत प्रवाळ, म्हणजेच कोरल. एके सकाळी मुलं ओरडतात, "अब्बा, कोरल पांढरं पडलंय!" बघावं तर त्यावर एक केसाळ किडा फिरतोय. तो लगेच बाहेर काढला जातो. पण आठवड्याभरात दुसरं कोरलही पांढरं पडतं. म्हणजे शिक्षा झाली, पण गुन्हेगार टाकीतच राहिला.

ही चूक का होते आणि खरा गुन्हेगार कसा ओळखायचा, ते आपण पाहू.

आधी पाणी तपासा

कोरल हा दगड नाही. तो शेकडो-हजारो छोट्या जिवांचा समूह असतो. वर पातळ मांस आणि खाली चुन्याचा सांगाडा. मांस गेलं की सांगाडा पांढरा दिसतो.

टाकीतली बरीच कोरल्स एकाच वेळी फिकी पडली, तर संशय प्राण्यांवर नको, पाण्यावर घ्या. तापमान साधारण 25-26 अंश असावं. क्षारता, कॅल्शियम आणि खारटपणा मोजा. क्षारता अचानक चढली-उतरली तरी मांस गळतं. एकच कोरल आणि तेही शेजारच्या कोरलच्या बाजूने खराब झालं असेल, तर तो शेजाऱ्याचा डंख असू शकतो. काही जातींची कोरल्स रात्री लांब दोरे सोडून शेजाऱ्याला भाजतात. अशा वेळी दोघांमध्ये अंतर वाढवलं की झालं.

खुणा काय सांगतात?

पाणी ठीक असेल, तर जखम नीट बघा.

• दिवसा कोरल मिटलेलं आणि रात्री मासे झोपल्यावर उघडलेलं असेल, तर एखादा मासा टोचे मारत असावा. फुलपाखरू मासे आणि मोठे एंजल मासे यासाठी प्रसिद्धच आहेत. छोट्या एंजल माशांचं मात्र सांगता येत नाही. एक टोचतो, त्याच जातीचा दुसरा टोचत नाही.

• फांद्यांच्या कोरलवर छोटे गोल फिकट डाग असतील, तर चपटे किडे शोधा. त्यांचा रंग कोरलशी इतका मिळतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पिचकारीने पाण्याचा झोत मारा, म्हणजे सुटून खाली पडतात.

• चपट्या थरांचं कोरल कडेने खाल्लं जात असेल, तर ते उलटून बघा. खालच्या बाजूला काही मिलिमीटरच्या, कवच नसलेल्या पांढऱ्या गोगलगायी आणि त्यांची अंडी सापडू शकतात.

• मांसाचे लचके तोडल्यासारखे दिसत असतील, तर दगडातून आलेला खेकडा असू शकतो. केसाळ पाय आणि काळसर टोकांच्या नांग्या असलेल्या खेकड्यावर नजर ठेवा.

रात्रीची पाहणी

बरेच प्राणी अंधारात बाहेर पडतात. दिवे बंद झाल्यावर तासा-दोन तासांनी टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून बघा. लाल उजेडात ते सहसा बिचकत नाहीत. दोन-तीन रात्री बघा, मोबाईलवर फोटो काढा.

इथेच सुरुवातीच्या केसाळ किड्याची गोष्ट उलगडते. बहुतेक ब्रिसल वर्म मेलेलं मांस आणि उरलेलं खाणं साफ करतात. कोरल आधी मेलं, किडा नंतर आला. काही मोठे फायरवर्म कोरल खातात, पण ते अपवाद. म्हणून एकच कसोटी लावा: तो प्राणी निरोगी, जिवंत कोरलवर पुन्हा पुन्हा दिसतो का, आणि तो गेल्यावर तिथे नवी जखम उरते का? छोट्या तारामाशांनाही हीच कसोटी. बहुतेक काचेवरचं शेवाळ खातात, पण काही कोरलवर ताव मारतात.

सापडल्यावर काय?

खेकड्यासाठी दगडाला टेकवून काचेचा ग्लास तिरका ठेवा आणि आत माशाचा तुकडा टाका. आत उतरलेला खेकडा गुळगुळीत काचेवरून वर चढू शकत नाही. किडा उघड्या हाताने धरू नका, त्याचे केस कातडीत रुततात. चपट्या किड्यांसाठी कोरल औषधाच्या पाण्यात बुडवतात, पण त्यात अंडी मरत नाहीत. ती खरवडा आणि आठवड्याने पुन्हा बुडवा. नवं कोरल आणलं की काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. त्रास टाळायचा हाच सर्वांत सोपा उपाय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतात दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे. सुट्टीवर गावी येताना आठवण म्हणून तुकडा सामानात टाकू नका, मेलेला पांढरा तुकडासुद्धा नाही.

टाकीतला प्रत्येक जीव आपल्याकडे अमानत आहे. तो आपली बाजू मांडू शकत नाही. म्हणून नुसत्या गुमानावर त्याला बाहेर काढण्याआधी दोन रात्री जागून तहकीक करणं, एवढं तर आपल्या हातात आहे.